तिसऱ्या फेरीला पैसे वसूल

एका दिवसाचं तिकीट दोनशे पंचाऐंशी क्रोनर.
वार्षिक पास सातशे नव्वद.
म्हणजे तिसऱ्या फेरीला पैसे वसूल,
चौथीपासून सगळं फुकट.
मी तीस वर्षं बंदरावर
मासळीच्या लिलावाचे हिशेब लिहितेय.
हे गणित मला कागदावर मांडावंही लागत नाही.

आणि आई?
आई दर दुसऱ्या गुरुवारी,
एप्रिल ते ऑक्टोबर, बावीस वर्षं,
एकेका दिवसाची दोन तिकिटं काढत राहिली.
मी ऑल्बोर्गहून फोनवर ओरडायचे,
अगं, पास काढ!
ती म्हणायची, बघू.
आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'.

फेब्रुवारीत ती गेली.
गुरुवार माझ्या वाट्याला आले,
तिच्या चष्म्यासारखे,
माझा नंबर वेगळा असूनही.

एगॉन सेहेचाळीस वर्षांचा आहे.
डोक्यावरून किंकाळ्यांनी भरलेले डबे सुसाट जातात
तिकडे तो मान वर करूनही बघत नाही.
त्याला छोटी आगगाडी लागते,
दुसरा डबा, डावी जागा, पाठ इंजिनाकडे.
बदकांचं तळं, प्लास्टरचा देवमासा, घंटा.
अकरा फेऱ्या.
अकराच का, हे विचारायचं नसतं.
मग राईच्या पावावर हेरिंग,
दोन काळ्या मुळेठीच्या गोळ्या, आणि घर.

खिडकीत मेर्ले नावाची मुलगी होती,
नाकात चमकी, हातावर पेनाने लिहिलेला कुणाचा तरी नंबर.
दोन पास, मी म्हटलं,
हुशार माणसाच्या आवाजात.
फोटो निघाले. कार्डं आली, अजून कोमट.
एगॉनने त्याचं उलटं केलं, सुलटं केलं,
आणि काउंटरवर परत ठेवलं.
तळहात उघडाच.

तिकीट, तो म्हणाला.
हेच तिकीट रे, वर्षभराचं.
आजचं, तो म्हणाला.
मी त्याला तिसरी फेरी समजावली, चौथी समजावली.
मागे बाबागाडीवाल्याने घसा खाकरला.
आजचं.
तळहात तसाच, पाऊस आहे का बघावं तसा.

तेव्हा मला तो निळा डबा आठवला,
लोणी-बिस्किटांचा, त्याच्या पलंगाखालचा.
आईचं घर आवरताना वाटलं होतं, बटणं असतील.
निघाले गुरुवार.
वर्षागणिक रबर लावलेले,
प्रत्येकाचा एक कोपरा फाटकवाल्याने फाडलेला.
मध्येच एक कोरी चिठ्ठी, आईच्या अक्षरात:
'आज बंद होतं. वारा.'
मी तो डबा
रद्दीच्या खोक्यापर्यंत नेला होता.
नेला होता, एवढंच सांगते.

पासला कोपरा नसतो.
फाटकात तो नुसता टुंई करतो,
आणि आत सोडतो,
आज काय, काल काय, त्याला सारखंच.

याचा पास रद्द करा, मी मेर्लेला म्हटलं.
त्याला आजचं द्या.
तुमचाही?
नाही, माझा राहू दे.
शेवटी हिशेबनीस आहे मी,
दोघांचंही नुकसान कशाला?
सीझनला पंधरा फेऱ्या, पंधरा तिकिटं,
चार हजार दोनशे पंचाहत्तर वजा सातशे नव्वद.
ही तूट कुठल्या रकान्यात घालतात
ते मी फोनवर आईला विचारायला हवं होतं,
ओरडण्याऐवजी.

यंत्रातून कागद कर्र करत बाहेर आला.
एगॉनने तो दोन बोटांत धरला,
तारीख वाचली, मोठ्याने,
रांगेतल्या सगळ्यांना.

मेर्ले माझ्या कार्डाकडे बघत थांबली.
माझ्या फोटोत, उजव्या कडेला,
एगॉनचा अर्धा कान आला होता.
अय्यो, सॉरी, ती म्हणाली,
पुन्हा काढू या का?

बघू, मी म्हटलं.